झरोका, बोळ आणि ऊन : आयर्लंडच्या मीथ परगण्यातले चार दिवस

18 ते 21 मार्च. वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तो विषुवदिन, मधोमध यावा म्हणून हेच चार दिवस धरले. डब्लिनच्या उत्तरेला गाडीने तासाभरावर मीथ परगणा लागतो. तिथे बॉइन नदीच्या वळणात न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ ही तीन मोठी टेकाडं आहेत. पश्चिमेला ओल्डकॅसल गावाजवळ लॉखक्रूच्या डोंगरमाथ्यांवर त्याच कुळातल्या दगडी राशी आहेत. पुरातत्त्वात यांना पॅसेज टूम म्हणतात. उभ्या दगडांचा अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला दालन, त्यात मृतांच्या अस्थी, वरून दगडमातीचं टेकाड आणि पायथ्याशी कडेच्या दगडांचं कडं, अशी ही रचना. न्यूग्रेंज इ.स.पूर्व 3200 च्या सुमाराचं आहे, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडहून पाच-सहाशे वर्षांनी जुनं.

यातल्या जवळजवळ प्रत्येक टेकाडाबद्दल ‘हे सूर्यासाठी बांधलंय’ असं ऐकायला मिळतं. काही ठिकाणी ते पक्कं आहे, काही ठिकाणी शक्य आहे आणि काही ठिकाणी मोजमापापुढे टिकत नाही. हा फरक जागेवर उभं राहून कसा ओळखायचा, हे या चार दिवसांचं काम होतं.

तयारीबद्दल थोडं. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपचा नेहमीचा व्हिसा इथे चालत नाही. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, म्हणून भाड्याची गाडी चालवायला त्रास होत नाही. मात्र गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते आणि दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी. मुक्काम स्लेन गावात ठेवला की नदीकाठची टेकाडं दहा-पंधरा मिनिटांवर आणि लॉखक्रू तासाभराच्या आत येतं. सोबत सुईचं होकायंत्र, उंचीचा कोन मोजायचं साधन (फोनमधलं लेव्हलचं अॅप चालतं, पण आधी सपाट टेबलावर शून्य करून घ्यावं), डोक्याला लावायची बॅटरी, पाण्यात टिकणारे बूट आणि वारा अडवणारं जाकीट. फोनच्या होकायंत्रावर विसंबू नये. ते चार-पाच अंश सहज चुकतं आणि इथे एकेक अंश महत्त्वाचा असतो.

दिवस पहिला, 18 मार्च : न्यूग्रेंज

टेकाडापर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही. डोनोरजवळ नदीच्या दक्षिण काठावर ब्रू ना बोन्या हे अभ्यागत केंद्र आहे. तिकीट तिथलं, तिथून पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडून त्यांची बस. दालनात शिरता येणारी तिकिटं थोडी असतात, ती आगाऊच घ्यावीत. ऐन वेळी गेलं तर बहुधा फक्त बाहेरून पाहायचं तिकीट हाती येतं.

टेकाडाचा व्यास सुमारे 85 मीटर, पायथ्याशी 97 दगडांचं कडं. समोरची पांढरी गारगोटीची भिंत पाहून सगळे थबकतात, पण तिच्यावरून प्राचीन काळाचा अंदाज बांधू नये. गारगोटी जुनीच आहे, विकलोच्या डोंगरांतून आणलेली. उत्खननात ती पायथ्याशी ढासळलेली सापडली. ती जवळजवळ उभ्या भिंतीसारखी रचली गेली 1970 च्या दशकात, आणि ती मुळात अशीच उभी होती का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. दाराच्या दोन्ही बाजूंचं आत वळलेलं काळ्या दगडाचं बांधकाम तर गर्दीची ये-जा सोयीची व्हावी म्हणून अलीकडे केलेलं.

खरी गोष्ट दाराच्या वर आहे. दाराच्या चौकटीवर थोडं मागे दगडांनी बांधलेला एक झरोका आहे. त्याच्या वरच्या दगडावर ओळीने फुल्या कोरलेल्या. मायकेल जे. ओ'केली यांनी 1962 ते 1975 या काळात इथे उत्खनन केलं. त्यात 1963 मध्ये हा झरोका मोकळा झाला. कोरलेला दगड त्याआधीही मातीतून डोकावताना दिसत होता, एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी त्याची नोंद केली होती, पण तो तिथे कशासाठी आहे हे उलगडत नव्हतं. 21 डिसेंबर 1967 ला ओ'केली पहाटे दालनात बसले आणि झरोक्यातून आलेली उन्हाची रेघ बोळभर सरकत दालनाच्या जमिनीवर पोचलेली त्यांनी पाहिली. ऊन आत येण्यापासून तुटण्यापर्यंत 17 मिनिटं. आजही ती वेळ साधारण 8:58 ते 9:15 हीच.

झरोका का लागला, हे बोळातून चालताना पायांना कळतं. बोळ 19 मीटर लांब, डावीकडे 22 उभे दगड, उजवीकडे 21. जमीन सपाट नाही. दारापासून दालनापर्यंत ती सुमारे दोन मीटर चढते, त्यामुळे दालनाची जमीन जवळजवळ झरोक्याच्या पातळीला येते. दारातून शिरलेलं ऊन चढाला अडून वाटेतच संपतं, दालनात पोचतं ते फक्त झरोक्यातलं. शिवाय बोळ सरळ नाही, किंचित नागमोडी आहे, त्यामुळे आत येणारा झोत दोन्ही बाजूंनी कातरला जाऊन आणखी अरुंद होतो. जे बांधणारे मृतांना आत न्यायला दार करतात आणि उन्हाला आत घ्यायला वेगळा झरोका करतात, त्यांच्या हेतूबद्दल फारशी शंका उरत नाही.

जवळून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे झरोक्याचं तोंड. ते गारगोटीच्या दोन ठोकळ्यांनी बंद केलेलं असे. त्यातला एक उत्खननात जागेवर सापडला. ठोकळा ज्या दगडावर टेकायचा त्यावर घासल्याचे ओरखडे आहेत, एकदा सरकवून पडतील तसे नव्हेत, पुन्हापुन्हा काढल्या-घातल्याचे. दार मोठ्या दगडाने बंद, आत फक्त मृत, आणि तरी कुणीतरी येऊन तो ठोकळा सरकवत होतं. माझ्या मते न्यूग्रेंजबद्दलचा सगळ्यात बोलका पुरावा हा आहे, कोन आणि आकडे त्याच्यानंतर.

आकडेही भक्कम आहेत. जॉन पॅट्रिक यांनी 1974 मध्ये मोजणी प्रसिद्ध केली. झरोक्यातून आत पोचणाऱ्या उन्हाचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन, सुमारे 133.7 ते 138.4 अंश. त्यातून सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीपासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन, येते साधारण −23 ते −25.9 (उणे म्हणजे दक्षिणेला). डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, सूर्याची क्रांती आज −23.44 असते आणि पाच हजार वर्षांपूर्वी ती −24 च्या आसपास होती. दोन्ही या खिडकीत बसतात, म्हणून ऊन तेव्हाही आत येत होतं आणि आजही येतं. टॉम रे यांनी 1989 मध्ये हे आणखी बारकाईने तपासलं. त्या काळी सूर्य उगवताच ऊन आत यायचं आणि मागच्या भिंतीपर्यंत जायचं. आज ते सूर्योदयानंतर सुमारे चार मिनिटांनी येतं आणि भिंतीच्या अलीकडेच थांबतं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा खरा दिवस यांत तीनेक आठवड्यांचं अंतर पडलं ते अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो त्यामुळे, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून पाच हजार वर्षांत सूर्योदयाची जागाही खूप सरकली असेल, असं वाटतं. तसं नाही. अयनचलनाने ताऱ्यांच्या उगवायच्या जागा बदलतात. सूर्याची टोकाची जागा ठरते पृथ्वीच्या अक्षाच्या कलावरून, आणि तो कल या काळात फक्त अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बदलला. आयर्लंडच्या अक्षांशावर त्यामुळे अयनदिनाचा सूर्योदय क्षितिजावर जेमतेम सव्वा अंश सरकतो. सूर्यबिंबाच्या सव्वादोन रुंदी, बस्स.

आत फोटो काढू देत नाहीत. पाठीवरची मोठी पिशवी बाहेर ठेवावी लागते, आणि बोळात दोन ठिकाणी खांदे तिरके करून जावं लागतं. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी रांगेत शेवटी राहावं म्हणजे आधी बाहेर पडता येतं. दालनाचं छत सहा मीटर उंच. दगडांचे थर आतल्या बाजूला थोडे थोडे पुढे काढत नेऊन वर एका दगडाने बंद केलेले. वरच्या दगडांना पाणी वाहून जायला पन्हळी कोरल्या आहेत आणि बोळाच्या छताच्या फटींत जळकी माती व समुद्राची वाळू ठासली आहे. दालन आजही कोरडं आहे. त्या जळक्या मातीतल्या कोळशावरूनच टेकाडाचं वय निघालं.

मार्गदर्शक दिवे घालवून विजेच्या दिव्याने झोताचं प्रात्यक्षिक दाखवतात. दिशा कळायला ते चांगलं आहे, पण झोताची रुंदी आणि रंग यांवर विसंबू नये. डिसेंबरमधल्या खऱ्या उन्हासाठी आधी सोडत असते. हजारो अर्जांतून मोजक्यांचा नंबर लागतो, आणि ढग आले तर तोही वाया जातो.

दिवस दुसरा, 19 मार्च : नाउथ आणि डाउथ

नाउथचं मोठं टेकाड न्यूग्रेंजएवढंच, भोवती लहान टेकाडांचा घोळका. जॉर्ज ओगन यांनी 1962 पासून इथे कित्येक दशकं खोदकाम केलं. पश्चिमेचा बोळ 1967 मध्ये मिळाला, पूर्वेचा 1968 मध्ये. पश्चिमेचा सुमारे 34 मीटर लांब, पूर्वेचा 40. कोरीव दगड 200 हून जास्त. चक्रं, वर्तुळं, चंद्रकोरी, नागमोडी रेघा. कोरीव काम पाहायचं असेल तर कडेच्या दगडांभोवती सावकाश फिरायला दोन तास ठेवावेत. ऊन तिरकं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, रेघा उठून दिसतात. भर दुपारी त्या सपाट होऊन जातात.

बोळ पूर्व-पश्चिम, म्हणून ‘विषुवदिनाला एकातून सूर्योदय, दुसऱ्यातून सूर्यास्त’ असं सांगितलं जातं. ऐकायला फार छान आहे. पण पश्चिमेचा बोळ दालनाच्या आधी वळतो, त्यामुळे मावळतीचं ऊन सरळ दालनात जाऊच शकत नाही. पूर्वेचा सरळ आहे, पण तो नेमका पूर्वेकडे नाही. फ्रँक प्रेन्डरगास्ट आणि टॉम रे यांनी मोजणी करून विषुवदिनाचा दावा टिकत नसल्याचं दाखवलं. भरीस भर म्हणजे मध्ययुगाच्या सुरुवातीला या टेकाडावर वस्ती होती. तिच्यासाठी भोवती खंदक खोदताना दोन्ही बोळांची तोंडं तुटली. मूळ तोंडच नाही तिथे उन्हाची खिडकी किती रुंद होती हे कशावरून सांगणार? नाउथचं मोठेपण त्याच्या कोरीवकामात आहे, त्याला संपाताचा आधार लागत नाही.

डाउथला तिकीट नाही, रस्त्याच्या कडेला गाडी लावून कुंपणाच्या फाटकातून जायचं. आत प्रवेश बंद. माथ्यावर मोठा खड्डा दिसतो, तो 1847 च्या खोदकामाचा. दालन मधोमध असणार असं धरून वरून खणत गेले, आणि बोळ निघाले पश्चिमेच्या कडेला. दक्षिणेकडच्या दालनाचा बोळ आखूड आहे आणि हिवाळ्यात मावळतीचं ऊन त्यात शिरतं. 1990 च्या दशकात अ‍ॅन-मरी मोरोनी यांनी ते हिवाळाभर नोंदवलं. ही नोंद खरी आहे, प्रश्न आहे नेमकेपणाचा.

नेमकेपणा बोळाच्या लांबी-रुंदीवरून ढोबळपणे काढता येतो. तोंड एक मीटर रुंद आणि बोळ दहा मीटर लांब असेल तर मागच्या भिंतीवरच्या एका बिंदूला बाहेरचं आकाश सुमारे 5.7 अंश दिसतं. तेवढंच तोंड आणि बोळ साडेतीन मीटर असेल तर 16 अंश. 16 अंशांच्या खिडकीतून सूर्य कित्येक आठवडे आत येणार. म्हणून आखूड बोळ एखाद्या ऋतूकडे तोंड करून आहे असं म्हणता येतं, एखाद्या दिवसाकडे आहे असं म्हणता येत नाही. डाउथला ‘हिवाळ्यातल्या मावळतीकडे’ एवढंच म्हणावं.

संध्याकाळी मुक्कामावर आकडेमोड: बोळाच्या रेषेत सूर्य उगवायला किंवा मावळायला त्याची क्रांती किती हवी, याची. कुणालाही करता येते, पण क्रम पाळावा लागतो. आधी बोळाचा दिगंश. आत जाता येत नसेल तर प्रसिद्ध झालेल्या आराखड्यावरून घ्यावा. होकायंत्राने घेतला तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक त्या वर्षाच्या तक्त्यातून पाहून वजा-बेरीज करावी. मग समोरच्या क्षितिजाची उंची. तिच्यातून हवेच्या वक्रीभवनाचा भाग वजा करायचा. अगदी सपाट क्षितिजावर तो सुमारे 0.57 अंश, एक अंश उंचीवर 0.4. मग सूत्र: क्रांतीची साइन = (अक्षांशाची साइन × उंचीची साइन) + (अक्षांशाची कोसाइन × उंचीची कोसाइन × दिगंशाची कोसाइन).

उदाहरण घेऊ. अक्षांश 53.7, दिगंश 135, क्षितिज 1 अंश वर. वक्रीभवन काढून उंची 0.6. क्रांती येते −24.2. आता क्षितिज सपाटच आहे असं मानून तेच गणित केलं तर उत्तर −25.25. एका अंशाचा डोंगर विसरलो म्हणून एक अंशाहून मोठी चूक. आपल्याकडे ही चूक इतकी बोचत नाही, कारण पुण्यात सूर्य जवळजवळ ताठ वर चढतो. क्षितिज एक अंश उंच असेल तर सूर्य दिसायची जागा एक तृतीयांश अंशच सरकते. आयर्लंडमध्ये सूर्य तिरका, घसटत वर येतो, तिथे तीच जागा 1.36 अंश सरकते. सूर्योदयाचा वर्षभराचा पल्लाही तसाच मोठा: पुण्यात सपाट क्षितिजावर साधारण 50 अंश, इथे 84. हिवाळा आणि उन्हाळा क्षितिजावरच इतके लांब लांब दिसत असतील तर लोकांनी त्या टोकांना दगडात पकडावंसं का वाटलं, ते समजतं.

दिवस तिसरा, 20 मार्च : लॉखक्रू, ढगांची पहाट

स्लेनहून पावणेपाचला निघणं. पेट्रोल आदल्या संध्याकाळीच भरून ठेवावं, पहाटे पंप उघडे नसतात. केल्सवरून ओल्डकॅसल, तिथून कार्नबेन ईस्ट डोंगराच्या कुशीतला वाहनतळ. चढ वीस-पंचवीस मिनिटांचा, पण गवताळ, ओला आणि शेवटी चांगलाच उभा. माथा 276 मीटर. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास. घड्याळं पुढे होतात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे सप्टेंबरच्या संपाताला यायचं तर हीच वेळ सव्वासातच्या आसपास जाते. वर वाऱ्याला काहीच आडोसा नाही आणि शौचालयही नाही.

माथ्यावरच्या राशीला अभ्यासक ‘टी’ म्हणतात. ही अक्षरं एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींपासून चालत आली आहेत. शाळामास्तर यूजीन कॉनवेल यांनी 1863 पासून या डोंगरांवरच्या राशी हुडकून नोंदल्या. ‘टी’चा व्यास सुमारे 35 मीटर, कडेचे दगड 37. उत्तरेचा प्रचंड दगड सुमारे दहा टनांचा, मधोमध बैठकीसारखा खोलगट. त्याला म्हातारीची खुर्ची म्हणतात. डोंगराचं आयरिश नावच ‘म्हातारीचा डोंगर’ असं आहे. पदरातले दगड सांडत ती डोंगरावरून डोंगरावर उड्या मारत गेली आणि त्या दगडांच्या राशी झाल्या, अशी कथा.

1980 मध्ये मार्टिन ब्रेनन आणि जॅक रॉबर्ट्स यांनी संपाताच्या सकाळी ‘टी’च्या मागच्या दगडावर ऊन पडताना पाहिलं, तेव्हापासून इथे लोक जमतात. अलीकडच्या वर्षांत जतनासाठी आतला प्रवेश बंद ठेवलेला आहे, बाहेर लोखंडी गजांचं दार आहे. निघण्यापूर्वी त्या वर्षीची स्थिती विचारून घ्यावी. आणि त्या दाराजवळ होकायंत्र अजिबात वापरू नये, सुई गजांकडे ओढली जाते. निदान आठ-दहा मीटर मागे येऊन, बोळाच्या रेषेत उभं राहून मापं घ्यावीत.

आज पूर्वेला ढगांचा जाड पट्टा होता. डोक्यावर आकाश निळं आणि नेमकं क्षितिजच बंद. सूर्य दिसला तेव्हा तो इतका वर होता की ऊन बोळाच्या तोंडाशीच राहिलं. हे इथे नेहमीचं आहे, म्हणून एका पहाटेच्या भरवशावर येऊ नये. पण अयनदिन आणि संपात यांत मोठा फरक आहे आणि तो ठाऊक असायला हवा. अयनदिनाजवळ सूर्य थबकतो, तीन दिवस आधी किंवा नंतर त्याची क्रांती 0.03 अंशच वेगळी असते. म्हणून न्यूग्रेंजला चार-पाच सकाळी सारख्याच. संपाताजवळ तो सगळ्यात वेगाने सरकतो. दिवसाला क्रांती 0.4 अंश आणि उगवायची जागा 0.67 अंश, म्हणजे बिंबाच्या रुंदीहून जास्त. ‘टी’च्या मागच्या दगडावरचा उन्हाचा पट्टा त्यामुळे रोज सकाळी वेगळ्या जागी पडतो. दोन-तीन दिवस पुढे-मागे आलं तरी ऊन दिसतं, पण तेच दृश्य दिसत नाही.

याच वेगामुळे संपाताचे दावे तपासायला अवघड जातात. तीन अंशांची होकायंत्राची चूक म्हणजे चारहून जास्त दिवसांची चूक. शिवाय पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचा ‘मधला दिवस’ कोणता? दोन अयनदिनांतले दिवस मोजून अर्धे केले तर एक तारीख येते, क्षितिजावरच्या दोन टोकांचा मध्य काढला तर डोंगरांच्या उंचीप्रमाणे वेगळी, आणि आपण ज्याला संपात म्हणतो, म्हणजे क्रांती शून्य, तो तर आकाशात डोळ्यांना दिसतच नाही. लॉखक्रूबद्दल म्हणूनच मी ‘संपाताच्या आसपासचं ऊन’ असंच म्हणेन. एक गोष्ट मात्र संपाताच्या बाजूची आहे. अक्षाचा कल बदलला तरी क्रांती शून्यच राहते. आज त्या दगडावर ऊन जिथे पडतं तिथेच ते बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पडत होतं.

दिवसा समोरच्या कार्नबेन वेस्टकडे पाहिलं. ती जमीन खाजगी आहे, परवानगीशिवाय जाऊ नये. तिथल्या ‘एल’ राशीच्या आत एक उभा दगड आहे, त्यावर नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवतीचं ऊन पडतं असं ब्रेनन यांनी मांडलं. कोल्हापूरच्या वाचकांना या तारखा ओळखीच्या वाटतील. अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात तो किरणोत्सव 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. दोन्ही वेळा सूर्याची क्रांती −17 च्या जवळ असते, ‘एल’साठी सांगितलेल्या तारखांना −16.5 च्या जवळ. म्हणून हे दिवस नेहमी जोडीने येतात, डिसेंबरच्या अयनदिनापासून सारख्याच अंतरावर, एक आधी आणि एक नंतर. कुठल्याही सूर्यदाव्याची सोपी परीक्षा हीच. वर्षातला दुसरा दिवस काढावा आणि त्या दिवशीही ऊन येतं का ते पाहावं. ते आलं नाही तर वाटेत काय आलं ते शोधावं. कोल्हापुरात वाटेतल्या इमारतींच्या अडथळ्यांची चर्चा दर वर्षी होते, इथे नव्याने वाढलेली झाडं तेच करतात.

दिवस चौथा, 21 मार्च : ऊन, आणि मग फोरनॉक्स

पहाट स्वच्छ. कालच्या मानाने माणसं थोडी, आणि ते बरं, कारण इथे सगळ्यात जास्त घोटाळा माणसांमुळेच होतो. सूर्य पाठीमागे, जेमतेम क्षितिजावर. गजांपाशी नाक लावून मधोमध उभं राहिलं की आपलीच सावली बोळात जाते आणि आत काळोख. पद्धत अशी: बोळाची रेषा मोकळी सोडायची, दाराच्या एका कडेला गुडघ्यावर बसून डोळा कोपऱ्यातल्या गजाशी आणायचा, एकेकाने अर्धा मिनिट पाहून सरकायचं. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर उजळलेल्या दगडावर ठरवावा. सगळ्या बोळावर ठरवला तर मधला पट्टा नुसता पांढरा फटफटीत येतो.

मागचा दगड, नोंदींमधला क्रमांक 14, आधी राखाडी अंधारात नुसता जाणवत होता. मग त्याच्या डाव्या वरच्या भागात नारिंगी डाग उमटला, कडा पुसट. दोन-तीन मिनिटांत कडा धारदार झाल्या आणि डागाचा वाकडातिकडा चौकोन झाला, बोळाच्या उभ्या दगडांनी आणि वरच्या तुळयांनी कापलेला. त्या चौकोनात कोरीवकाम वर आलं: वर्तुळात आरे असावेत तशा आकृती, एका मध्यातून निघालेल्या पाकळ्या. ठोकून कोरलेल्या खाचांचा खडबडीतपणाही दिसत होता, कारण ऊन अगदी आडवं होतं. सूर्य वर आणि दक्षिणेकडे सरकतो, म्हणून चौकोन खाली आणि उजवीकडे सरकत गेला, एकेक आकृती घेत आणि सोडत. न्यूग्रेंजची 17 मिनिटांची घाई इथे नाही. हे बरंच जास्त वेळ चालतं, शेवटी पट्टा दगडावरून उतरून जमिनीवर येतो.

आकृत्या म्हणजे सूर्यच, असं त्या क्षणी वाटतं. पण अशाच आकृत्या इथल्या दुसऱ्या दगडांवरही आहेत, जिथे ऊन कधीच पोचत नाही. ऊन त्या दगडावर यावं अशी रचना आहे, हे मी मान्य करतो. चित्राचा अर्थ उन्हावरून लावणं मात्र मला पटत नाही.

डोंगर उतरून नाश्ता ओल्डकॅसलमध्ये, मग डब्लिन विमानतळाच्या वाटेवर, नॉल गावाजवळ फोरनॉक्स. हे ठिकाण सहसा कुणी यादीत घेत नाही, पण सूर्याचा विषय असेल तर ते हवंच. पी. जे. हार्टनेट यांनी 1950 ते 1952 मध्ये ते खोदलं. किल्ली जवळच्या एका घरातून अनामत रक्कम ठेवून मिळते, रोख पैसे जवळ असावेत. बोळ आखूड, पण दालन न्यूग्रेंजच्या दालनापेक्षा ऐसपैस. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताच्या एका दगडावर माणसाच्या चेहऱ्यासारखं कोरीवकाम आहे, या काळच्या आयरिश कलेत दुर्मिळ. तुळयांवर नागमोडी रेघा आणि चौकटी.

वरचा घुमट काँक्रीटचा, उत्खननानंतर घातलेला. उजेडासाठी त्यात फटी ठेवल्या आहेत आणि त्यांतून उन्हाच्या तिरप्या रेघा कोरीव दगडांवर पडतात. ते पाहून ‘इथेही सूर्य!’ असं म्हणणारे भेटतात. त्या रेघा घुमटाएवढ्याच जुन्या आहेत. कुठल्याही जीर्णोद्धार झालेल्या जागी आधी विचारावं की ऊन ज्या भोकातून येतंय ते भोक कधीचं.

आता बोळ. दाराबाहेर दहा मीटरवर उभं राहून सुई स्थिर होऊ दिली, चुंबकीय फरक काढला. बोळाचं तोंड उत्तरेपासून जेमतेम पंधरा-वीस अंश पूर्वेकडे. या अक्षांशावर सूर्य वर्षात कधीही 48 अंशांच्या फारसा उत्तरेला उगवत नाही. म्हणजे या बोळात उगवतीचं ऊन येऊच शकत नाही, पाच हजार वर्षांपूर्वीही येत नव्हतं. तेच लोक, तोच काळ, तसंच कोरीवकाम, तशाच अस्थी, आणि सूर्याकडे पाठ. न्यूग्रेंजचा झरोका किती मुद्दाम केलेला आहे, हे इथे उभं राहिल्यावर जास्त कळतं. अशा झरोक्याचं दुसरं उदाहरण पाहायचं तर स्लायगो परगण्यात कॅरोकीलला जावं लागतं. तिथल्या ‘जी’ राशीच्या दारावरही झरोका आहे आणि त्यातून जूनच्या अयनदिनाच्या सुमाराला मावळतीचं ऊन आत येतं. त्यासाठी वेगळी फेरी, उन्हाळ्यात.

वहीत फोरनॉक्सच्या पुढे दिगंश लिहिला, क्षितिजाची उंची लिहिली, आणि क्रांतीच्या रकान्यात ‘सूर्याच्या पल्ल्याबाहेर’. दार ओढून कुलूप लावलं, दोनदा हलवून पाहिलं, किल्ली परत देऊन अनामत घेतली. इथून विमानतळ अर्ध्या तासावर.